ऐकू येते, पण उमगत नाही : मुलांमधील श्रवणप्रक्रियेचे दोष आणि वाचनअक्षमता

प्रतिवर्षीप्रमाणे जमाखर्चाचा तपशील, रुग्णसंख्या आणि देणगीदारांची नामावली आम्ही या अहवालात आपल्यापुढे ठेवली आहेच. त्यासोबत एखाद्या आरोग्यविषयाची सोप्या भाषेत ओळख करून द्यावी, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदाचा विषय निवडण्यास आमचीच एक उणीव कारणीभूत झाली आहे. विश्वस्त, देणगीदार आणि रुग्णांचे आप्त यांच्यापासून ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही; म्हणून प्रथम तीच सांगतो.

एक कागद आणि दोन वर्षे

जून २०२२ मध्ये एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ आपल्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्या कान-नाक-घसा विभागात आले. मुलगा दुसरीत होता. वर्गात बाई काय सांगतात ते त्याला नीट कळत नाही, तीन गोष्टी सांगितल्या तर एकच ध्यानात राहते, सुटी अक्षरे ओळखतो पण शब्द वाचता येत नाही, अशी शाळेची तक्रार होती. डॉक्टरांनी कान पाहिले. मळ नव्हता, पडदा उत्तम होता. ध्वनिरोधक खोलीत श्रवणतपासणी झाली. आलेखही निर्दोष आला. ‘श्रवणक्षमता सामान्य’ असा शेरा असलेला कागद वडिलांच्या हाती देऊन आम्ही त्यांना निरोप दिला.

तपासणीत काहीही चुकले नव्हते. चुकले ते त्यानंतर. तो कागद पाहून शाळेने निष्कर्ष काढला, की मुलाला ऐकू येते, म्हणजे तो मुद्दाम लक्ष देत नाही. घरीही धाक वाढला. दोन वर्षांनी, चौथीत असताना, तोच मुलगा पोटदुखीच्या तक्रारीसाठी आमच्या बालरोग विभागात आला. रविवारी आणि सुटीत त्याचे पोट दुखत नाही, ही गोष्ट बालरोगतज्ज्ञांच्या लक्षात आली आणि त्यांनी शाळेविषयी चौकशी केली. तेव्हा वडिलांनी खिशातून तोच घडी घातलेला कागद काढला आणि म्हणाले, “साहेब, तुम्हीच लिहून दिलंय याला ऐकू येतं म्हणून. मग याला वाचता का येत नाही?”

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु कागद आमच्या रुग्णालयाचा होता आणि प्रश्न रास्त होता. म्हणून आमच्या श्रवणतज्ज्ञांशी, बालरोगतज्ज्ञांशी आणि विशेष शिक्षिकेशी बसून आम्ही हा विषय समजून घेतला. जे समजले, ते पुढे मांडत आहोत.

कानाचे काम आणि ऐकण्याचे काम

श्रवणतपासणीत मुलाला एकेक शुद्ध स्वर ऐकवला जातो आणि अगदी हळू आवाज कोठवर ऐकू येतो, हे मोजले जाते. ही मोजणी सामान्यतः २५० ते ८००० हर्ट्झ या पट्ट्यातील स्वरांसाठी करतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. म्हणून २०-२५ डेसिबलपेक्षा मोठा आवाज लागणाऱ्या मुलाकडे तज्ज्ञ काळजीपूर्वक पाहतात. आवाज कानातून आत पोहोचतो की नाही, हे या चाचणीने कळते. ती अत्यावश्यक आहे; तिला पर्याय नाही.

परंतु आवाज पोहोचणे म्हणजे बोलणे उमगणे नव्हे. कानातून निघालेला संदेश श्रवणतंतूंमधून मेंदूच्या देठाकडे आणि तेथून कानशिलाच्या आतील बाजूस असलेल्या मेंदूच्या भागाकडे जातो. या वाटेवर पुष्कळ कामे व्हावयाची असतात : पंख्याच्या आवाजातून बाईंचा आवाज वेगळा काढणे, दोन कानांनी एकाच वेळी आलेले वेगळे शब्द निवडणे, अत्यल्प अंतराने आलेल्या दोन ध्वनींतील फरक ओळखणे, आणि ऐकलेले क्रमाने लक्षात ठेवणे. या कामांत उणीव राहिली, तर तिला श्रवणप्रक्रियेतील दोष म्हणतात. शांत खोलीत, एका वेळी एक स्वर, अशा चाचणीत तो दोष दिसतोच असे नाही. कारण त्या खोलीत या कामांची फारशी गरजच पडत नाही.

अमेरिकेतील हेल्मर मायकलबस्ट यांनी १९५४ साली मुलांमधील श्रवणदोषांवरील आपल्या ग्रंथात, केवळ कान तपासून भागत नाही, याकडे लक्ष वेधले होते. त्याच वर्षी इटलीतील बोक्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मेंदूच्या श्रवणभागात गाठ असलेल्या रुग्णांची साधी श्रवणतपासणी चांगली येते. मात्र मुद्दाम अस्पष्ट केलेले बोलणे ऐकवले, की त्यांची अडचण उघड होते. आजच्या श्रवणप्रक्रिया-चाचण्यांची बैठक याच प्रकारच्या निरीक्षणांवर आहे.

डोळ्यांकडून ध्वनीकडे

वाचनअक्षमता, म्हणजेच डिस्लेक्सिया, हिचा इतिहास मात्र कानापासून नव्हे, तर डोळ्यांपासून सुरू होतो. हा शब्द १८८७ साली जर्मनीतील नेत्रवैद्य रुडॉल्फ बर्लिन यांनी, मेंदूला इजा होऊन वाचन गमावलेल्या प्रौढ रुग्णांसंबंधी, योजला. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत त्यांनी नोंदवले आहे. जन्मजात ‘शब्दांधत्व’ असे नाव त्यांनी या स्थितीला दिले. पुढे कित्येक वर्षे हा दोष दृष्टीचा, अक्षरे उलटी दिसण्याचा, असेच मानले जात होते. आजही पुष्कळ पालकांची समजूत हीच आहे.

१९७०च्या दशकात अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत इझाबेल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळा प्रश्न विचारला : शब्द कोणत्या ध्वनींचा बनलेला आहे, हे मुलाला कळते काय? शब्दाचे तुकडे करणे, पहिला ध्वनी काढून टाकणे, सारख्या शेवटाचे शब्द ओळखणे, या क्षमतेला ध्वनिजाणीव म्हणतात. वाचन शिकणे म्हणजे ऐकलेल्या ध्वनीशी पाहिलेल्या अक्षराची गाठ बांधणे. ध्वनीच धूसर असेल, तर गाठ कशाशी बांधणार? वाचनअक्षमता असलेल्या बहुसंख्य मुलांची मूळ अडचण ध्वनिजाणिवेची आहे, हे आज मोठ्या प्रमाणावर मान्य झाले आहे.

संबंध आहे, पण तो किती?

येथपर्यंत आल्यावर एक सरळ अनुमान काढण्याचा मोह होतो : श्रवणप्रक्रिया बिघडली, म्हणून ध्वनी धूसर झाले, ध्वनी धूसर झाले, म्हणून वाचन अडले. पॉला टॅलल यांनी १९८० साली याच दिशेचे प्रतिपादन केले. त्यांनी मुलांना केवळ ७५ मिलिसेकंदांचे दोन स्वर पाठोपाठ ऐकवले. स्वरांमध्ये पुरेसे अंतर असे तेव्हा सर्व मुलांना ते ओळखता येत. अंतर कमी केले, की वाचनात मागे असलेल्या काही मुलांना क्रम सांगता येईना. ‘ब’ आणि ‘द’ यांसारख्या व्यंजनांतील फरकही असाच काही दशक मिलिसेकंदांचा असतो. तेव्हा हे स्पष्टीकरण पटण्यासारखे होते.

परंतु ‘काही मुले’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. फ्रांक रामू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये वाचनअक्षमता असलेल्या १६ विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या बारकाईने चाचण्या घेतल्या. ध्वनिजाणिवेची अडचण सोळाच्या सोळा जणांत आढळली. श्रवणाच्या चाचण्यांत मात्र १० जण कमी पडले. उरलेल्या सहांचे श्रवण व्यवस्थित होते. म्हणजे श्रवणदोष नसतानाही वाचनअक्षमता असू शकते. उलट बाजूने पाहता, न्यूझीलंडमधील संशोधकांनी २००९ मध्ये श्रवणप्रक्रियेच्या दोषाचा संशय असलेली ६८ मुले तपासली, तेव्हा जवळजवळ निम्म्या मुलांत श्रवणप्रक्रिया, भाषा आणि वाचन या तिन्ही ठिकाणी अडचण सापडली. केवळ श्रवणप्रक्रियेचाच दोष असलेली मुले फारच थोडी होती.

हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे, तर ही दोन वेगवेगळी खाती आहेत. पुष्कळ मुलांच्या बाबतीत दोन्ही खात्यांवर येणे दिसते. परंतु एका खात्यातील रक्कम पाहून दुसऱ्याचा ताळेबंद मांडता येत नाही. दोन्ही खाती स्वतंत्रपणे तपासावी लागतात. श्रवणप्रक्रियेच्या कोणत्या चाचण्या घ्याव्यात, याविषयी जगभरातील तज्ज्ञांत अद्याप एकवाक्यता नाही. लक्ष न लागणे, भाषेचा विकास मागे असणे, यांमुळेही या चाचण्यांचे गुण कमी येऊ शकतात. त्यामुळे साधारणतः सात वर्षांखालील मुलावर हा शिक्का मारू नये आणि एका चाचणीवरून निदान करू नये, असा संकेत आहे.

मराठी मुलाच्या वहीत

आपली वर्णमाला उच्चारस्थानांनुसार रचलेली आहे : कंठातून ओठांपर्यंत, आणि प्रत्येक वर्गात अल्पप्राणानंतर महाप्राण. ध्वनींची इतकी शिस्तशीर मांडणी असलेली लिपी मुलाला मोठा आधार देते. परंतु याच रचनेत अवघड जागाही आहेत. दान-धान, बार-भार, ताट-थाट, गाल-गाळ, मन-मण या जोड्यांतील फरक एका सूक्ष्म ध्वनीवर अवलंबून आहे. गोंगाटाच्या वर्गात तो हरवतो.

आमच्या विशेष शिक्षिका वहीतील चुका दोन रकान्यांत मांडतात. ‘ध’च्या जागी ‘घ’, ‘भ’च्या जागी ‘म’ लिहिले, तर आकारांचा गोंधळ असू शकतो. ‘ध’च्या जागी ‘द’, ‘भ’च्या जागी ‘ब’ लिहिले, तर ध्वनीचा गोंधळ असू शकतो. वाहकांच्या मुलाच्या वहीत ‘भाकरी’ची ‘बाकरी’ आणि ‘धरण’चे ‘दरण’ झाले होते. दुसरा रकाना भरून गेला होता. अर्थात अशा यादीवरून निदान होत नाही. कोठे शोधावयाचे, एवढेच कळते.

येथे एक सावधगिरीची सूचना. घरी ‘पानी’ आणि ‘कोन’ म्हणणारे मूल शाळेत तसेच लिहीत असेल, तर तो दोष नव्हे. ती त्याच्या घरची बोली आहे. बोलीला आजार ठरवणे हा त्या मुलावर आणि त्याच्या आईवर अन्याय होईल. त्याचप्रमाणे मराठी मुलाची वाचनतपासणी केवळ इंग्रजी चाचणीने करणे योग्य नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हा चाचणीसंच प्रसिद्ध केला. तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. शिक्षकांनी वापरावयाची प्राथमिक प्रश्नावलीही त्यात आहे.

उपाय आणि त्यावरील खर्च

गेल्या वर्षी एका हितचिंतकांनी आस्थेने विचारले, की कानाला व्यायाम देणारे संगणकीय खेळ मिळतात. त्यांचा संच घेण्यासाठी देणगी द्यावी काय? प्रश्न मोलाचा होता. उत्तर देण्यापूर्वी आम्ही पुरावा पाहिला.

टॅलल आणि मायकेल मर्झेनिक यांच्या संशोधनातून १९९६ नंतर ‘फास्ट फॉरवर्ड’ नावाचा संगणकीय कार्यक्रम पुढे आला. ध्वनी ताणून, मोठे करून ऐकवणे आणि हळूहळू वेग वाढवणे, ही त्याची कल्पना. तो पुष्कळ देशांत वापरला गेला. २०११ मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी त्यावरील काटेकोर प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांचे वाचन वा भाषा त्यामुळे सुधारते, असा पुरावा त्यांना मिळाला नाही.

याउलट, १९८३ मध्ये ऑक्सफर्डच्या लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी केलेला एक साधा प्रयोग आजही मार्गदर्शक आहे. ध्वनी ओळखण्यात मागे असलेल्या ६५ मुलांचे त्यांनी गट केले. काहींना शब्दांतील सारखे ध्वनी ओळखण्याचा सराव दिला. काहींना तोच सराव प्लॅस्टिकची अक्षरे हाती देऊन दिला. दोन वर्षांत चाळीस बैठका झाल्या. वाचनात सर्वांत पुढे गेला तो ध्वनी आणि अक्षर एकत्र शिकलेला गट. कानाला निव्वळ व्यायाम देण्यापेक्षा ध्वनी अक्षराशी जोडून शिकवणे अधिक फळते, हा यातील बोध आहे.

श्रवणाच्या बाजूने जे करावयाचे, ते मुख्यतः परिस्थितीत करावयाचे असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ मधील मार्गदर्शनानुसार वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या वर असू नये. रस्त्याकडेच्या आपल्या कित्येक शाळांत हे स्वप्नवत आहे. मुलाला पहिल्या बाकावर, खिडकी आणि पंख्यापासून दूर बसवणे, एका वेळी एकच सूचना देणे, सूचना फळ्यावर लिहिणे, यांना पैसा लागत नाही. शिक्षकांचा आवाज थेट मुलाच्या कानी पोहोचवणारी उपकरणेही मिळतात. नीना क्राऊस यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वाचनअक्षमता असलेल्या ज्या मुलांनी ती वर्षभर वापरली, त्यांच्या मेंदूचा ध्वनीला मिळणारा प्रतिसाद अधिक स्थिर झालेला आढळला.

हे सर्व त्या हितचिंतकांपुढे ठेवले आणि त्यांच्या संमतीने देणगीचा विनियोग संगणकीय संचाऐवजी दुसऱ्या विशेष शिक्षिकेच्या वेतनासाठी करण्याचे ठरले. नव्या यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते. शिक्षिकेच्या वेतनावर ती लावता येत नाही. तरीही त्यांनी होकार दिला, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत.

पालकांसाठी चार गोष्टी

पहिली : प्रथम कान तपासून घ्यावेत. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांत पडद्यामागे पाणी साठते आणि ऐकणे कमी-अधिक होत राहते. आज ऐकू येते, उद्या नाही, असे झाल्यास मुलावर हट्टीपणाचा आरोप होतो. याला उपचार आहेत.

दुसरी : कान चांगले निघाले, म्हणून तपास संपला असे मानू नये. दुसरी-तिसरीपर्यंत शब्द जुळवून वाचता येत नसेल, तर ध्वनिजाणीव आणि वाचन यांची स्वतंत्र तपासणी मागावी.

तिसरी : घरी खेळ खेळावेत. गाण्याच्या भेंड्या, यमक जुळणारी बडबडगीते, ‘कमळमधून क काढला तर काय उरेल?’ असे प्रश्न, हा उत्तम सराव आहे. शेवटी तो शब्द पाटीवर लिहून दाखवावा. दहा मिनिटे पुरेत. रडारड होईपर्यंत नको.

चौथी : सवलती मागण्यात कमीपणा मानू नये. महाराष्ट्रात शालान्त परीक्षेसाठी अशा विद्यार्थ्यांना १९९६ पासून सवलती मिळत आल्या आहेत आणि २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला आहे. वाचनअक्षमतेचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. केवळ श्रवणप्रक्रियेच्या दोषाचा तसा नाही. म्हणूनही वाचनाची तपासणी वेगळी करून घेणे हिताचे आहे.

आम्ही काय बदलले

वाहकांच्या मुलाच्या पुढील तपासण्यांत वाचनअक्षमता निश्चित झाली. गोंगाटात बोलणे समजण्याची अडचणही आढळली. आठवड्यातून दोन दिवस तो शिक्षिकेकडे येऊ लागला. शाळेने बाक बदलला. आता तो वाचतो. समवयस्कांइतका वेगाने नाही, आणि लेखनातील चुका अजून आहेत. ही अडचण समूळ जात नाही. तिच्यासह पुढे जाता येते, हे पालकांना आम्ही स्पष्ट सांगतो. मध्यंतरी बाह्यरुग्ण विभागातील ‘कृपया शांतता राखा’ ही पाटी त्याने दोनदा अडखळत, पण कोणाच्याही मदतीशिवाय, मोठ्याने वाचली. पोटदुखी बंद झाली आहे. वाया गेलेली दोन वर्षे मात्र आम्हांस त्याला परत देता येणार नाहीत.

आमच्या हाती होते ते आम्ही केले. आमच्या छापील श्रवणअहवालावर, ‘श्रवणक्षमता सामान्य’ या शेऱ्याखाली, आता दोन ओळी वाढवल्या आहेत : “ही तपासणी शांत खोलीत ऐकू येण्याची आहे. बोलणे समजणे व वाचन यांविषयी तक्रार असल्यास पुढील तपासणी आवश्यक आहे.” मूल शाळेच्या तक्रारीसाठी आले असेल, तर अहवाल देतानाच पुढील तपासणीची तारीख लिहून दिली जाते. या बदलास छपाईचा किरकोळ खर्च आला. रुग्णालयाच्या ताळेबंदात तो कोठेही वेगळा दिसणार नाही. म्हणून येथे नोंदवत आहोत.

आपल्या परिचयात कोणी मूल असे असेल, ज्याच्याविषयी ‘ऐकू येतं, पण लक्षच देत नाही’ असे बोलले जाते, तर त्याला एकदा आणावे, ही विनंती. 

– व्यवस्थापक, रुग्णालय प्रशासन विभाग